विरजण

लग्नानंतर पहिल्यांदा सांगोल्याकडे सासरवाडीला गेलो
तेव्हा म्हाकूमामांनी शेळीचा मागचा पाय मांडीत धरला
आणि कोमट, फेसाळ, एखाद्या केसासकट
तांब्याभर दूध माझ्या हाती दिलं.
जावई होतो. प्यालो.

रात्रभर ज्वारीच्या रानात माझ्या फेऱ्या.
पहाटे चुलीपाशी मामा म्हणाले,
"साळ्याच्या पोटाला सोसत न्हाई व्हय?"
सोजर पदरात हसली. अजून हसते.

साखर पेठेतले डॉक्टर गुंडेटी म्हणाले,
बिघाड तुझ्यात नाही, यमूल.
अंगावरचं दूध तुटलं की आतलं दार मिटतं,
मांजराचं मिटतं, म्हशीचं मिटतं,
बहुतेक माणसांचंही.
नवल तुझ्या सासऱ्याचं. त्याचं उघडं राहिलं.

कुणी ठेवलं उघडं?

कुणीतरी एकदा जनावर मारायचं सोडून बांधलं.
ते काही रक्तात नव्हतं,
पाहून शिकलेलं, मार खाऊन शिकलेलं.
मग दुष्काळ. नदीत वाळू, पोटात कळ,
कळपाची आचळं तेवढी ओली.
ज्यांना ते दूध सोसलं ते तगले,
ज्यांना नाही त्यांची नावं घ्यायला कुणी नाही.
असे किती दुष्काळ, मला मोजता येत नाहीत.
दाव्याचं एक टोक शेळीच्या गळ्यात,
हे सगळ्यांना दिसत होतं.
दुसरं हळूहळू धन्याच्या आतड्याला बांधलं जात होतं.

तुम्ही म्हणाल, ताणा आणि बाणा.
सोलापुरात हे टॉवेल विकणारासुद्धा म्हणतो.
मी बावीस वर्षं माग चालवलाय.
ताणा एकदा भिमावर चढला
की बाणा त्याला बदलत नाही, तुटेल फार तर.
इथं मात्र धोटा हजार पिढ्या गेला-आला
आणि उभ्या सुताचाच पीळ फिरला.
असला माग अक्कलकोट रोडच्या
कुठल्याच कारखान्यात मी पाहिला नाही.

आणि आमचं?
आमचं दार मिटलेलंच.
तर आमच्या बायकांनी खिडकी काढली.
अम्मा रोज रात्री विड्यांचं सूप बाजूला सारून
कालचं चमचाभर दही आजच्या दुधात सोडते,
जे आम्हाला पचत नाही
ते अंधारात दुसरंच कुणी आधी पचवून ठेवतं.
विरजण संपलं तर भिंतीपलीकडून हिरेमठ मावशींची वाटी,
त्यांचं त्यांच्या बहिणीकडून, कलबुर्गीहून, एस.टी.तून, डब्यात.
नाक आईचं, गुडघे बापाचे,
ते शेजारून मागून आणता येत नाहीत.
दही येतं.

अंबुजा आता सात वर्षांची.
अव्वाशी तेलुगू, आईशी माणदेशी,
शिव्या कानडीत, त्या हिरेमठांच्या ओट्यावरच्या.
परवा हट्टानं पेलाभर दूध प्याली.
मी जागा राहिलो, तिच्या पोटाला कान लावून,
मागाच्या खडखडाटात तुटला धागा ऐकतात तसा.
काहीच नाही. शांत.
"माझ्या बापाची हाय," सोजर अंधारात म्हणाली.
दोघांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं, डॉक्टर म्हणाले होते.
मला आनंद झाला. थोडं एकटंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोरीला दूध नकोच होतं.
पेरुगन्नमच हवं, वर शेंगाचटणी.

रात्री अम्माच्या गुडघ्याला टेकून तीच पातेल्याशी बसली.
करंगळी सोजरची, आखूड, टोकाशी वाकडी.
पण दुधात बुडवून,
कोमटपणा जोखून,
कानामागं पुसायची लकब अम्माची.
अम्माला ती कुणाची, अम्मालाही ठाऊक नाही.

"अजून पोळतंय," म्हणाली. थांबली.
मग चमचा सोडला, झाकण ठेवलं,
आणि आम्हा तिघांकडं बघून बोट उगारलं:
आता सकाळपर्यंत
कुणी हलवायचं नाही.